केळीमागचं नितळ पाणी

मिंग रोनने चहाचा पेला पुढे सरकवला, तेव्हा केसोर तिवईवर पाण्याचा भरलेला जार ठेवत होती. रिकामा जार उचलायचा, भरलेला ठेवायचा, तोटी पुसायची, दोन घोट चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं, हा तिचा रोजचा क्रम होता. रोन ही सगळ्या गावाची मिंग, म्हणजे मावशी. तिच्या घरून चहा न घेता कुणी गेलं तर ती चार दिवस बोलत नसे.

केसोरने पेला उचलला, ओठांपाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. चहा काळा होता. पाण्यात शाई विरघळावी तसा जांभळट काळा, आणि वर पातळ तवंग.

“मिंग, चहापत्ती बदललीस का?”

“नाही गं, तीच. आठ-दहा दिवस झाले, असाच होतोय. भातही राखाडी पडतो. मला वाटलं भांडंच खराब झालं, म्हणून राखेने दोनदा घासून काढलं.”

केसोरने सहज विचारल्यासारखं विचारलं, की चहाला अंगणातल्या हातपंपाचं पाणी तर नाही ना घेतलं. मिंग रोनला ते लागलं. ती म्हणाली, त्या पंपाला लाल रंग फासल्यापासून मी त्याच्या पाण्याने पायसुद्धा धूत नाही, आणि हे तुझ्याच जारातलं पाणी आहे, तुझ्याच हाताने आणून ठेवलेलं.

केसोर पायऱ्या उतरून खाली आली. कुंपणाशी पेरूचं झाड होतं. तिने दोन कोवळी पानं तोडली, तळहातावर चुरडली आणि जारातलं थोडं पाणी वाटीत घेऊन त्यात टाकली. गावातल्या जुन्या बायका पाण्यातलं लोखंड असंच ओळखायच्या. नदीच्या पाण्यात पेरूचं पान हिरवं ते हिरवंच राहतं. वाटीतलं पाणी बघता बघता निळसर झालं, मग काळं. प्रेक स्वायच्या जमिनीत लोखंड जिथे असतं, तिथे त्याच्या सोबतीला आणखी काय असतं, हे तिच्याइतकं त्या गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

केसोरच्या लहानपणी प्रेक स्वायमध्ये सगळे मेकाँगचंच पाणी पीत. पावसाळ्यात ते चिखलासारखं लाल यायचं, उन्हाळ्यात हिरवट. मोठा रांजण भरून त्यात तुरटी फिरवायची आणि गाळ खाली बसला की वरचं प्यायचं. पोरं जुलाबांनी जायची. केसोरचे दोघे भाऊ एकाच आठवड्यात गेले, थोरला सोमवारी आणि धाकटा शुक्रवारी. दुसऱ्याला अग्नी देऊन आल्यावर तिचा बाप फान तीन दिवस कुणाशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तो नदीपलीकडे गेला आणि एका माणसाच्या हाताखाली बोअर खोदायला शिकला.

यंत्र नव्हतं. बांबूची तिकाटी, लोखंडी पाइप आणि दोन माणसांचे हात. पाइप फिरवायचा, वरून पाणी ओतायचं, चिखल उपसायचा, असं करत तीस-चाळीस मीटर खाली जायचं. मग एके दिवशी पाणी यायचं. थंड, नितळ, तळ दिसेल असं. फानने पहिली बोअर आपल्या घरामागे केळीच्या बनात खोदली आणि पुढे वीस वर्षं जो बोलावेल त्याच्या दारात जाऊन खोदत राहिला. गावातली पोरं मरायची थांबली. फानचे केस पिकण्याआधीच लोक त्याला ‘ता’, म्हणजे आजोबा, म्हणू लागले, आणि विहारात सणाच्या दिवशी त्याची चटई पुढच्या रांगेत टाकू लागले.

त्याने खोदणं सोडल्यावर काही वर्षांनी शहरातून काही तरुण माणसं छोट्या बाटल्या घेऊन आली. त्यांनी प्रत्येक बोअरचं पाणी बाटलीत घेतलं, त्यात पूड टाकली आणि वर कागदाची पट्टी लटकवली. अर्ध्या तासाने पट्ट्या पिवळ्या झाल्या, काही तपकिरी. त्या पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, होता. तो कुणी घातला नव्हता, मातीतच होता, नदीने हजारो वर्षं आणून टाकलेल्या गाळात. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. आज प्यायलं की उद्या काही होत नाही. तो दहा वर्षं, पंधरा वर्षं शरीरात काम करत राहतो. मग तळहातावर गाठी येतात, छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे डाग येतात, आणि त्यानंतर जे येतं त्याचं नाव गावात कुणी मोठ्याने घेत नसे. त्या माणसांनी ‘पिऊ नका’ अशी खूण म्हणून पंपांचे दांडे लाल रंगवले आणि ती निघून गेली.

पुढच्या वर्षी नदीकाठी पाण्याचं स्टेशन उभं राहिलं. नदीत तरंगता पंप, वर एक टाकी, तुरटी, वाळूची गाळणी, जंतू मारणारा दिवा आणि शेवटी जार भरायच्या चार तोट्या. गावाने केसोरला स्टेशनची प्रमुख नेमलं, कारण ती शाळा शिकलेली होती आणि कुणाला भीत नव्हती. पंप चालवायला ता फान पुढे आले. केसोरला तेव्हा भरून आलं होतं. लाल रंग लागल्यापासून वडील जेवताना मान वर करत नसत. निदान आता त्यांच्या हाताला पाण्याचंच काम लागेल, असं तिला वाटलं.

मिंग रोनच्या घरून निघून ती आणखी तीन घरी गेली आणि तिन्ही घरी पेरूचं पान काळं पडलं. एका घरातल्या बाईने विचारलं, हे काय करतेस, तर ती म्हणाली, “जार धुवायचे झालेत.” तिला स्वतःचाच आवाज परका वाटला.

ऊन डोक्यावर आलं होतं. नववर्षाचा सण दहा दिवसांवर होता आणि त्या वर्षी नदी कुणी पाहिली नव्हती इतकी आटली होती. काठापासून पाण्यापर्यंत वाळूचा पांढरा पट्टा पसरला होता. सहा आठवड्यांपूर्वी ता फान तिला म्हणाले होते, की पंपाला खोल पाणी मिळेना, म्हणून लांब नळी टाकून मी तो पलीकडच्या डोहात नेलाय. तिने त्यांना शाबासकी दिली होती. त्यानंतर पाणी इतकं स्वच्छ येऊ लागलं, की तुरटी निम्म्यावर आली. महिन्याची तपासणी ती स्वतः करायची. जंतू शून्य, गढूळपणा शून्य. तिने ते अंक फळ्यावर खडूने लिहिले होते आणि खाली एक फूल काढलं होतं. सोमल तपासायचा प्रश्नच नव्हता. नदीत सोमल नसतो.

स्टेशनवर कुणी नव्हतं. तिने वाळूच्या गाळणीचं झाकण उचललं. वाळू वरपासून खालपर्यंत गंजासारखी नारिंगी झाली होती. इतके दिवस हीच वाळू लोखंड अडवत होती. आता ती भरली होती आणि पुढचं पाणी तसंच सोडत होती. आठ-दहा दिवस झाले, असं मिंग रोन म्हणाली होती. म्हणजे आठ दिवसांपूर्वी वाळू भरली. त्याच्या आधी कधीपासून काय वाहत होतं, ते वाळू सांगणार नव्हती.

टाकीला येणारी काळी नळी काठाच्या दिशेने उतरत होती. केसोर नळीच्या बाजूने चालत गेली. उताराच्या निम्म्यावर एक सांधा होता आणि तिथून नळी गवतात वळून पुन्हा वर चढत होती. पुढे ती मातीखाली गेली. माती नुकती थापून बसवलेली, ओळ सरळ, काम नेटकं. असं नेटकं काम गावात एकाच माणसाचं असे. ती त्या ओळीवरून चालत राहिली. ओळ बांधावरून गेली, आंब्याखालून गेली आणि तिच्या लहानपणीच्या घरामागच्या केळीच्या बनात शिरली. तिथे जुन्या हातपंपाचा दांडा काढून ठेवला होता आणि त्या जागी लहानशी मोटर बसवली होती. मोटर सुरू होती. फार हळू आवाजात, मांजर घुरघुरावं तशी.

केसोरने मोटर बंद केली आणि तिथेच जमिनीवर बसली. स्टेशनच्या कपाटात पडून असलेली सोमल तपासायची बाटली तिने निघताना पिशवीत टाकली होती. तिने नळीतलं पाणी घेतलं, पूड टाकली, पट्टी लटकवली आणि घड्याळाकडे बघत राहिली. बाटलीतलं पाणी इतकं नितळ होतं, की त्यातून पलीकडच्या केळीच्या पानावरची शीर न् शीर दिसत होती. दहाव्या मिनिटाला पट्टी पिवळी झाली. अर्धा तास व्हायच्या आतच ती कोको पुडीच्या रंगावर आली. डब्यावर छापलेल्या रंगांच्या ओळीत हा रंग सगळ्यात शेवटी होता.

मोटर बंद पडली म्हणून ता फान बघायला आले. हातात विळा, कमरेला चौकड्यांचा पंचा. लेकीला बसलेली पाहून ते थबकले, मग जवळ येऊन उकिडवे बसले.

“उन्हातून आलीस. शहाळं देऊ का?”

“पा, ही नळी कधीपासून आहे?”

त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. सहा आठवडे, ते म्हणाले. नदीतला पंप गाळ ओढून ओढून जळाला त्या दिवसापासून. डोहापर्यंत नळी कधी गेलीच नव्हती.

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर तू स्टेशन बंद केलं असतंस. केलं असतंस की नाही?”

“केलं असतं.”

“मग लोकांनी प्यायचं काय? वाळूतल्या डबक्यांतलं? पुन्हा पोरं हगवणीने मारायची?” त्यांचा आवाज चढला नव्हता. ते समजूत घालत होते, लहान मुलाची घालावी तशी. “सहा आठवडे अख्खं गाव पितंय. कुणाचं पोट बिघडलं? सांग एकाचं नाव. तूच फळ्यावर फूल काढलंस ना?”

केसोरला आता कळलं. बापाने केवळ निकड म्हणून हे केलं नव्हतं. ते सहा आठवडे वाट बघत होते, की कुणीतरी म्हणावं, पाणी छान आहे, आणि मग त्यांनी सांगावं, ते माझं आहे.

“दालीनही तेच पितेय, पा.”

दालीन तिची धाकटी बहीण. तिला आठवा महिना होता. ता फाननी विळ्याची मूठ चोळली. मग म्हणाले, “दालीनच्या वेळी तुझी आई याच पाण्यावर बाळंत झाली. काय झालं दालीनला?”

“हात दाखवा.”

“बघितलेत तू हात.”

“दाखवा.”

त्यांनी विळा खाली ठेवला आणि तळहात पुढे केले. तळव्यांवर मक्याच्या दाण्यांसारख्या टणक गाठी होत्या, आता बोटांपर्यंत पोहोचलेल्या.

“हे घट्टे आहेत,” ते म्हणाले. “पाइप फिरवून पडलेले.”

“पाइप सोडून बारा वर्षं झाली. घट्टे जातात, पा. हे वाढतायत.” ती थांबणार होती, पण थांबली नाही. “आणि तळपायांनाही आहेत. पायानेही पाइप फिरवत होतात का?”

ता फान उठले, विळा घेतला आणि घराकडे चालू लागले. उजवा पाय ते जरा उचलून टाकत होते, हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

ती आधी दालीनकडे गेली. दालीन झोळीत आडवी पडून भाजलेल्या चिंचोक्यांची सालं काढत होती. केसोरने तिच्या घरातला जार उचलून अंगणात उपडा केला. दालीनने सगळं ऐकून घेतलं. मग तिने एकच विचारलं, की आता बाळाला काही होईल का. केसोरला माहीत नव्हतं. तिने सांगितलं, सहा आठवडे म्हणजे फार नाही. हे खरं आहे की आपण ते खरं व्हावं म्हणून बोलतोय, हे तिलाच कळेना. दालीन म्हणाली, “गेले पंधरा दिवस मला फार तहान लागतेय गं. मी इतर कुणापेक्षाही जास्त प्यायलेय.”

तिथून ती गावप्रमुखाकडे गेली. समान हा सज्जन माणूस होता. त्याने केसोरला ओसरीवर बसवलं, सगळं ऐकलं आणि बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिला. मग त्याने तिला सुचवलं, की पंप बिघडला एवढंच सांगू, सण पार पडू दे. शहरातून सगळ्यांची मुलं-सुना यायची आहेत. आणि एकदा का स्टेशनच्या पाण्यात विष होतं असं लोकांच्या कानावर गेलं, तर पुन्हा एक जार कुणी घेणार नाही. सगळे पंपांकडेच वळतील. “मग तू वाचवलेस किती आणि मारलेस किती?” तो म्हणाला.

त्याचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच केसोरला जास्त भीती वाटली. पण मिंग रोनने उद्या पुन्हा पेला पुढे सरकवला तर तिच्या डोळ्यांकडे बघून काय सांगायचं, ते तिला सुचेना. तिने समानला सांगितलं, की सभा तू बोलाव, नाहीतर मी घरोघर जाते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विहाराच्या सभामंडपात दीडशे माणसं जमली. केसोरने थोडक्यात सांगितलं. सहा आठवडे जारांमधलं पाणी नदीचं नव्हतं, बोअरचं होतं. त्यात सोमल आहे. चूक माझी, कारण मी तपासलं नाही. कुणाची बोअर ते ती बोलली नाही. पुढच्या रांगेतून ता फान उठले, सावकाश, एक हात जमिनीवर टेकून.

“माझी बोअर,” ते म्हणाले, आणि पुन्हा बसले.

लोक चिडतील, काही फेकतील, शिव्या देतील, या सगळ्याची केसोरने तयारी ठेवली होती. मागून मासे विकणाऱ्या एका माणसाचा आवाज आला, “तरीच! मी बायकोला म्हणत होतो, हल्ली स्टेशनचं पाणी गोड लागतंय. ता, तेच चालू ठेवा की.”

लोक हसले. आधी थोडे, मग बरेच. एक बाई म्हणाली, नदीच्या पाण्याला औषधाचा वास येतो, याला येत नव्हता. दुसरा म्हणाला, लाल रंग लावणारी माणसं चार दिवसांची, ता फान आपले आहेत. केसोर उभीच होती. तिने बापाकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी त्यांची मान वर होती आणि डोळे ओले होते. त्या हसण्याने ती जेवढी हादरली, तेवढी शिव्यांनी हादरली नसती.

मिंग रोन तेवढी हसली नाही. ती उठून केसोरपाशी आली आणि म्हणाली, “मी तुझ्यावर विश्वास ठेवला होता.” मग ती चपला घालून निघून गेली.

सणाच्या दिवसांत स्टेशनच्या दारात रिकामे जार येऊन पडू लागले. कुणी भांडलं नाही, लोक येता-जाता आणून ठेवत. आणि पहाटे उजाडता उजाडता गावात एक आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला, जो तीन वर्षं थांबला होता. हातपंपांच्या दांड्यांची करकर. आधी एका घरातून, मग शेजारच्या, मग नदीच्या वळणापर्यंत एकामागून एक. काही घरांनी दांड्यांवर निळा रंग चढवला होता. शहरातून आलेल्या नातवंडांना त्या पाण्यात सरबत करून दिलं जात होतं. केसोर घरोघर गेली, पट्ट्या दाखवल्या, हात जोडले. लोक तिला बसवायचे, ऐकून घ्यायचे आणि पाणी पुढे करायचे.

सण संपल्यावर नवा पंप आला, नळी खरोखरच डोहापर्यंत गेली आणि वाळू बदलली. केसोर आता दर सकाळी पहिला जार भरून स्टेशनच्या दारात सगळ्यांसमोर पेरूचं पान चुरडायची आणि पट्टी लावून दाखवायची. बघायला तीसेक घरं यायची. पूर्वी नव्वद घरं जार घेत.

दालीनला तीन आठवडे आधीच कळा आल्या. मुलगी झाली, इतकी लहान, की सुईणीने तिला एका हातावर पेललं. सुईण म्हणाली, होतात अशी मुलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने केसोरचा प्रश्न ऐकला आणि सांगितलं, पाण्यामुळे झालं असं म्हणता येणार नाही, आणि नाही झालं असंही म्हणता येणार नाही. बाळ जगलं. पण दूध ओढायला त्याला जोर लागायचा, मध्येच दमून ते डोळे मिटायचं, आणि प्रत्येक वेळी दालीन त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

ता फान बाळाला बघायला आले तेव्हा त्यांनी त्याला हातात घेतलं नाही. ते पायापाशी बसले, बराच वेळ. मग त्यांनी आपले तळहात मांडीखाली दाबून ठेवले, जणू बाळाला ते दिसू नयेत. निघताना केसोरला म्हणाले, “मला पाय दाखवायचाय. शहरात.”

शहरातल्या डॉक्टरने तळपायावरची न भरणारी जखम पाहिली, हात पाहिले, सदरा काढायला लावून छाती पाहिली. त्याला काही विचारावंच लागलं नाही. जखमेतला तुकडा तपासायला पाठवला आणि पंधरा दिवसांनी पायाची दोन बोटं काढून टाकली. बाकीचं काय, असं केसोरने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बाकीच्याची वाट बघायची. ते पाणी जे जे प्यायले त्यांनी दर वर्षी आपले हात बघायचे.

परतीच्या बसमध्ये ता फान खिडकीकडे तोंड करून बसले होते. अर्ध्या वाटेवर ते बोलू लागले. आधी केसोरला वाटलं ते झोपेत आहेत. ते गावांची नावं घेत होते.

“पलीकडच्या काठाला कोह लुओंग बेट. तिथे चौदा. शाळेत एक, भिक्षूंच्या कुटीमागे एक. त्याच्या वर विटांच्या भट्टीपाशी सहा. मग पावसाळ्यात बोटीने गेलो होतो ती वस्ती, तिचं नाव आठवत नाही, तिथे वीस तरी असतील.”

लाल रंगाची माणसं फक्त रस्त्यालगतच्या गावांत आली होती. बेटांवर कुणी गेलंच नव्हतं. केसोरने पिशवीतून तपासणीची वही काढली आणि मागच्या पानावर लिहायला सुरुवात केली. ता फान थांबत नव्हते. प्रत्येक बोअर त्यांना आठवत होती, किती पाइप लागले, कुठल्या झाडाखाली, कुणाच्या घरी काय जेवलो. पान भरलं, दुसरं भरलं. बस नदीच्या फाट्यावर आली तरी ते बोलतच होते.

महिन्याने, त्यांना काठी घेऊन चालता येऊ लागलं तेव्हा, दोघं होडीने कोह लुओंगला गेली. काठावरची वाळू तापली होती. पहिल्याच घरापुढे साठीची एक बाई पंपावर ताटं विसळत होती. तिने कपाळावर हात धरून पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

“ता फान ना तुम्ही? या, या. माझी सगळी पोरं तुमच्या पाण्यावर वाढली. ये गं पोरी, बस. बघ किती नितळ आहे अजून.” तिने पेला विसळला, दांडा दोनदा हलवला आणि भरलेला पेला त्यांच्यापुढे धरला. पेला धरणाऱ्या तिच्या हाताच्या तळव्याला कडेने मक्याच्या दाण्यांएवढ्या गाठी होत्या.

केसोरने तोंड उघडलं, पण ता फाननी काठी तिच्या पायाला लावून तिला थांबवलं. त्यांनी पेला घेतला, प्यायले नाहीत, आणि तो जमिनीवर ठेवला.

“हे पाणी पिऊ नका,” ते म्हणाले. “यात विष आहे. मला ठाऊक नव्हतं. नंतर लोकांनी सांगितलं, तेव्हा मी ऐकलं नाही. माझे हात बघा, आणि तुमचे बघा.”

बाईने त्यांचे हात पाहिले. मग स्वतःचे उलटे-सुलटे करून पाहिले, जणू ते आत्ताच कुणी तिला आणून दिले होते. घरातून तिची सून बाहेर आली, कडेवर मूल, आणि दारातच उभी राहिली. शेजारच्या दोन घरांतूनही माणसं डोकावू लागली.

“आणि शाळेतली?” बाईने हळूच विचारलं.

“तीही.”

तिने वाळूकडे पाहिलं. नदी तिथून जेमतेम दिसत होती. वाळूपलीकडे कुठेतरी ती एक राखाडी रेघ होती, आणि बेटावर स्टेशन नव्हतं, टाकी नव्हती, रस्ता नव्हता. सुनेच्या कडेवरचं मूल पेल्याकडे हात करून पाणी मागू लागलं.

“बरं,” बाई म्हणाली. “मग आज आम्ही प्यायचं काय?”

ता फाननी केसोरकडे पाहिलं. केसोरच्या पिशवीत एक बाटली होती, स्टेशनवरून भरून आणलेली, दोघांना वाटेत पुरेल एवढी. तिने ती काढून मुलाच्या हातात दिली. मूल घटाघटा पिऊ लागलं, आणि अंगणात जमलेली सगळी माणसं त्या बाटलीतलं पाणी खाली खाली जाताना बघत उभी राहिली.